जोडायचे राहिलेले ठिपके

अल मजाज, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९९८

हॉलमध्ये ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी चित्रांचा वॉलपेपर लागला. यांनीच हौसेने निवडला. म्हणे, खाडीकडच्या खिडकीला शोभतो. भिंतभर नुसते ठिपके. मला चित्र दिसतच नाही, आईची शेवटची रांगोळी दिसते. त्या पाडव्याला अंगणात ठिपके काढून झाले आणि ती तिथेच कोसळली. रेघा ओढायच्या राहिल्या. सुतकात कोण हात लावणार? ठिपके येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांखाली पुसले गेले.

आज तिन्हीसांजेला मी भिंतीसमोर उभी राहून हवेतल्या हवेत ठिपके जोडत होते. कधीपासून, कोण जाणे. मागून मुलगी म्हणाली, "ममा, डोन्ट. इट्स ऑलरेडी फिनिश्ड."

हात खाली घेतला. चिमूट आवळलेली होती, रांगोळी धरल्यासारखी. आत्ता लिहितानाही सुटत नाहीये.