कोपर स्पष्ट दिसावं म्हणून

सोम., ३ फेब्रु.
कालच्या मॅचमध्ये पंचांनी ऋतूच्या बोलिंगवर शंका लिहून दिली. हात कोपरात वाकतो म्हणे, म्हणजे पोरगी बॉल टाकत नाही, फेकते. क्लबचे सर म्हणाले, "शनिवारपर्यंत बाजूने घेतलेला व्हिडिओ द्या. कोपर स्पष्ट दिसलं पाहिजे. नाहीतर निवड चाचणीला नाव देता येणार नाही." सतरा वर्षांची आहे, दहाव्या वर्षापासून दुसरं काही केलेलं नाही. म्हटलं, एवढंच ना? बावीस वर्षं लग्नं शूट करतोय.

मंगळ., ४
तोंडघशी पडलो. इनडोअर नेटवर सहा बॉल घेतले. थांबवून पाहिलं तर खांद्यापुढे नुसता फराटा. लग्नाच्या सवयीने शटर पन्नासवर, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवलेलं. वरातीत नाचणारे त्यात छान दिसतात, कोपर दिसत नाही. ऋतू म्हणाली, "पप्पा, तुमचं हेच काम आहे ना?" चिडलो तिच्यावर. उगाच.

बुध., ५
शटर हजारवर नेलं. फराटा गेला, पण चित्र काळं. उजेडासाठी आयएसओ वाढवला तर रवा सांडल्यासारखे दाणे, वर ट्यूबलाइटचे आडवे पट्टे. एक नेमका कोपरावर. सर बघून म्हणाले, "यावरून काहीच ठरवता येत नाही, दादा." मला बरं वाटलं. का, ते इथे लिहीत नाही.

शुक्र., ७
इंदिरानगरच्या मैदानावर भर दुपारी बारा वाजता. ऊन भरपूर, शटर दोन हजार. तिला बिनबाह्यांचा टी-शर्ट घालायला लावला, कोपरावर पेनाने ठिपका. दहा बॉल. बॉलच्या शिवणीचे टाके मोजावेत इतकं स्वच्छ. आयुष्यात इतकं चांगलं शूटिंग केलं नाही.
हात वर येताना वाकलेला आहे. बॉल सुटताना सरळ होतो, म्हणजे फेकतेच. एखाददुसरा बॉल नाही, दहाही.
तिला म्हटलं, अजून बघायचंय. बायकोला सांगितलं, पित्त झालंय. जेवलो नाही.

शनि., ८
उठलो तर ऋतू कॉम्प्युटरसमोर. एकेक फ्रेम पुढे-मागे करत होती. मागे न वळता म्हणाली, "मी पहिल्यापासून अशीच टाकते का?" हो म्हटलं. पार्किंगमध्ये मीच शिकवलं.
"मग तुम्हाला कधी दिसलं नाही?"
नाही म्हणालो. खोटं. एक-दोनदा शंका आली होती. विकेटा पडत होत्या, म्हणून गप्प बसलो. लाज वाटते.
बायको म्हणते, "सरांना सांगा, कार्ड करप्ट झालं." गिऱ्हाइकांना हे कितीदा सांगितलंय मी. सरांचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत.
चार वाजले. ऋतू बूट बांधून दारात बसली आहे. प्रॅक्टिसला जाऊ का, विचारते.