रांग कोणी कमी केली

३ सप्टेंबर
आजच्या पेपरात केरी एन्सकोचा फोटो. पान तीन, रंगीत. बक्षीस अजून जाहीर व्हायचंय, पण चेहरा मिळाल्यासारखाच. काउन्सिलच्या पार्किंग परवान्यांच्या वेबसाइटमुळे खिडकीवरची रांग पाऊण तासावरून दहा मिनिटांवर आली म्हणे. सरकारी कॉम्प्युटर प्रकल्पातून लोकांच्या पदरात खरोखर काय पडलं, यासाठी सगळ्या लँकाशर काउंटीमध्ये एकच बक्षीस असतं. त्यासाठी हिचं नाव.

प्रत्येक प्रकल्पाच्या फायद्याला एक मालक नेमतात. बेनिफिट ओनर. या फायद्याची ओनर मी होते. लेखी. गेल्या वर्षी ईस्टरला मी काउन्सिलमधून निवृत्त झाले आणि माझं नाव खोडून हिचं घातलं. हिला स्टेपलर भरायला मी शिकवलं.

फोटोत केस बरे दिसत होते. खर्च केला असणार.

४ सप्टेंबर
निश्चय: केरीचा विचार करायचा नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर इग्नेशिया सांगायच्या, मत्सर हे पाप आहे. पण हा मत्सर नाही, न्यायाचा प्रश्न आहे. धाकट्या बहिणीला, मॉनिकाला, फोनवर तसं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "विनी, जळतेस तू." फोन मी ठेवला.

७ सप्टेंबर, दुपार
लायब्ररीत काउन्सिलने रांगेचा भला मोठा आलेख लावलाय. चष्मा विसरले होते, काउंटरवरच्या बाईंचा घेतला. रेघ किती वर्षं वरच, आणि मग कड्यावरून पडावी तशी खाली. कधी? गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये. आणि वेबसाइट सुरू कधी झाली? जूनमध्ये.

पुन्हा पाहिलं. एप्रिल. जून.

म्हणजे वेबसाइट यायच्या आधीच रांग संपली होती. केरीने काहीएक केलेलं नाही. येताना क्रीम केक घेतला.

१० सप्टेंबर
मॉनिका विचारते, मग रांग कमी झाली कशाने? हवामान असेल. लोकांनी गाड्या विकल्या असतील. तो माझा विषय नाही.

माझ्या काळात रांग होती, कारण काम होत होतं. माझ्या खिडकीतून चुकीचा अर्ज कधी आत गेला नाही. अक्षर लागलं नाही, अर्ज परत. पत्त्यात स्वल्पविराम नाही, अर्ज परत. लोक तिसऱ्यांदा, चौथ्यांदा यायचे, आपुलकीने. साडेदहाला माझा चहा, तेवढा वेळ खिडकी बंद. लोकांनाही शिस्त आवडते. कोणी कधी तक्रार केली नाही. तक्रारीचे अर्जही माझ्याकडेच यायचे, त्यामुळे खात्रीने सांगते.

१४ सप्टेंबर
काउन्सिलच्या कमिटीत नागरिकाला एक प्रश्न विचारता येतो, आधी लिहून द्यावा लागतो. दिला. शेवटचं वाक्य जरा धारदार झालंय. राहू दिलं.

१८ सप्टेंबर, संध्याकाळ
केरी घरी आली. घरी केलेला आल्याचा केक घेऊन. कोटही काढला नाही आणि विचारलं, प्रश्न मागे घ्याल का. टरकलीय. चहा दिला, बिस्किटं दिली नाहीत.

विचारलं, आलेख खोटा आहे का? म्हणाली, नाही, खरा आहे, तोच तर प्रॉब्लेम आहे. मग अगदी हळू म्हणाली, "मी माझ्यासाठी नाही सांगत, हॅल्सॉलबाई."

मनात म्हटलं, मग कोणासाठी? तोंडानेही म्हटलं. तिने कप खाली ठेवला आणि ती उठून गेली.

केक चांगला होता. तेही येतं हिला.

२० सप्टेंबर
उद्या कमिटी. मॉनिकालाही यायला सांगितलंय. निळा कोट इस्त्री केला. केरीचं बक्षीस गेल्यावर काय बोलायचं तेही ठरवलं: थोडक्यात आणि क्षमाशील. सगळ्यांसमोर तिच्याशी हात मिळवायचा.

२१ सप्टेंबर
प्रश्न विचारला. खणखणीत आवाजात. अध्यक्ष थ्रेलफॉल म्हणाले, बाईंचा मुद्दा बिनतोड आहे. मी मागे वळून मॉनिकाकडे पाहिलं. ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

थ्रेलफॉलांनी केरीला विचारलं, एप्रिलमध्ये झालं तरी काय? ती म्हणाली, खिडकीवरच्या स्टाफमध्ये थोडा बदल झाला होता. थ्रेलफॉल पुढच्या विषयाकडे वळणार होते. मी उभीच होते.

"गुळमुळीत उत्तर नकोय," मी म्हटलं. "कोणता बदल, ते नीट सांग."

केरीने आधी थ्रेलफॉलांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तुम्ही निवृत्त झालात, हॅल्सॉलबाई."

मागे कोणीतरी हसलं. मग बरेच जण. एक म्हातारा शेजारणीला सांगत होता, की त्याचा परवाना मिळेपर्यंत गाडी भंगारात गेली.

हात मिळवायचा राहिला.

२२ सप्टेंबर
काही नाही.

२३ सप्टेंबर
निळा कोट जरा घट्ट होतो. चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात देऊन टाकावा.

२६ सप्टेंबर
केरीचा फोन. तिने बक्षिसातून नाव काढून घेतलं. आवाज बसला होता. सर्दी झालीय म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

कमिटीने ठरवलंय, रांग कमी झाली तो फायदा वेबसाइटच्या नावावर दाखवायचा नाही, वेगळा दाखवायचा. आणि फायदा म्हटला की त्याला ओनर लागतो, नियमच आहे. तिने विचारलं, कोणाचं नाव घालू?

मी म्हटलं, घाल. पूर्ण घाल, विनिफ्रेड हॅल्सॉल.

मग मॉनिकाला फोन केला. म्हटलं, अखेर माझं नाव लागलं. बरं झालं, म्हणाली. कशासाठी ते तिने विचारलं नाही. त्या दिवशी हॉलमध्ये ती माझ्या मागेच बसली होती.