दातातली शिट्टी

९ नोव्हेंबर २०११

शेवटी बाबा कबूल झाले! दात दाखवायला येणार. समोरचाच, अर्धा तुटलेला. गार पाणी प्यायलं की कळ मस्तकात जाते, तरी आपलं चालूच – "लवंग धरतो, जाईल." किती वर्षं लवंग धरणार?

दात तोडला तोही स्वतःच्या हळदीत. नाचून नाचून अंगात आलेलं, पैज लावली, आणि सोड्याची बाटली दातानं उघडली! दुसऱ्या दिवशी नवरदेव बोहल्यावर, दात अर्धा. आई हल्ली सगळं विसरते, पण हे अजून सांगते – "पयल्यांदा मला 'शकू' म्हनलं, नि शिट्टीच वाजली!"

१२ नोव्हेंबर

डॉक्टर हुदा अगदी कोवळी पोरगी, पण हात हलका. मी म्हटलं, कॅप बसवा, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. तर म्हणाली, "ताई, कॅपसाठी चांगला दात चहूबाजूंनी घासावा लागतो. घासलेला परत येत नाही. काकांचा दात जिवंत आहे अजून. कीड तेवढी काढते, आणि तुटलेली कड वरून बांधून देते." मला ते तात्पुरतं काम वाटलं. बाबा मात्र खूश. "माजा हाय तो ठेव, पोरी."

मसाला भरून वर निळा दिवा धरला, गुळगुळीत करून दिलं, झालं. आरशात बघून बाबा चक्क लाजले! रिक्षात रस्ताभर ओठ मिटून हसत होते.

घरात शिरताना नेहमीसारखी हाक मारली – "शकू!" शिट्टी नाही. आई म्हणाली, "कोन हाय?" आम्ही दोघं केवढे हसलो.

१३ नोव्हेंबर

हसण्यासारखं काही नव्हतं. काचबिंदूनं आईची नजर कधीच गेली. माणसं ती आवाजावर ओळखते, तेवढंच उरलंय तिच्याकडे. बाबा जवळ बसले की अंग चोरते, पदर ओढून घेते. "सुनी, यांना बोलाव. कोन परका मानूस खाटंवर बसलाय." बाबा म्हणाले, "अगो, मीच हाय." "तुमी नाय!"

मी तिचा हात धरून बाबांच्या तोंडावरून फिरवला. तर रडायलाच लागली – लेक परपुरुषाला हात लावायला लावते म्हणून! मूर्ख मी. कॅपसाठी, दातासाठी मागे लागलेली मीच ना?

१८ नोव्हेंबर

बाबा बाहेरच्या खोलीत झोपतात. संध्याकाळी तिचे पाय फार दुखतात, तेव्हा गुपचूप येऊन चेपतात. आज म्हणाली, "दादा, तुमी लय भलं. आमचं मानूस आलं की सांगीन त्यांना." दादा! बाबांनी मान खाली घातली आणि चेपत राहिले. मी ओट्यापाशी जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

२१ नोव्हेंबर

आमच्या भाऊरायांचा, प्रणितचा फोन. म्हणे, होईल तिला सवय. तुझ्या बायकोनं तुला दादा म्हणू दे, मग विचारते!

२४ नोव्हेंबर

बाबाच म्हणाले, "चल, काढून टाकू." मला वाटलं हुदा चिडेल. सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं झालं घासला नाही. काका, तुमचा दात खाली होता तस्साच आहे." किडीचं भरण राहू दिलं, बांधलेली कड तेवढी उतरवली. बाबांनी खुर्चीतच म्हणून बघितलं – "शकू." वाजली! हुदानं तोंड फिरवून डोळे पुसले.

घरी पायरीवरूनच हाक. आई धडपडून उठली. "आवो! कवा आलाव? कुठं व्हताव इतकं दिस?" बाबांच्या गळ्यात पडून रड रड रडली. मीही. वाटलं, सुटलो बाई!

जेवायला बसलो तर म्हणते, "तो दादा कुठं गेला? त्याला वाढलं का?"

"गेला तो त्याच्या घरी," बाबा म्हणाले.

"मला न सांगता?" ताट बाजूला सारलं. जेवलीच नाही.

२ डिसेंबर

रोज त्याची वाट बघते. बाबा पाय चेपायला बसले तर, "तुमी नको. तुमाला कुठं जमतंय!"

आज बाबा अंगणात एकटेच बसलेले. म्हणाले, "सुनी, उभ्या जन्मात हिचं पाय चेपलं नवतं गो मी." चहा दिला. निवून गेला.

८ डिसेंबर

बाबांनी युक्ती काढली. पाय चेपताना तोंड उघडायचंच नाही. आई खूश – "आलाव का दादा!" चेपून झालं की बाबा उठून बाहेर जातात, चपला वाजवत परत येतात. "शकू!" मग ती त्यांना दादाचं कौतुक सांगते आणि ते मान डोलावत ऐकतात.

१९ जानेवारी २०१२

आई पहाटे गेली. जायच्या आधी दोन हाका मारल्या. आधी "आवो", मग "दादा".

बाबांनी दोन्हींना ओ दिली.