व्हिक्टोरियन काव्यातील आदर्श पत्नी : व्याख्यानाची तयारी

१६ एप्रिल, बुधवार. बॉटनी डाउन्स, मुलाच्या परदेशातल्या घरी.
ज्येष्ठांच्या मंडळाचा फोन. पुढच्या रविवारी माझं व्याख्यान. विषय मीच सुचवला. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी काव्य शिकवलं, ते काय वाया घालवायचं? संकल्प : रोज चार पानं, आणि साखर बंद. सरोजला सांगितलं. ती म्हणाली, ते राहू द्या, माझ्या बीपीच्या गोळ्या संपल्यात, तेवढ्या आणा. या घरात काव्याची कदर नाही.

१७ एप्रिल, गुरुवार.
मुलगा-सून, सुमेध आणि मनाली, ईस्टरच्या सुट्टीत टाउपोला फिरायला गेले. वाटलं, आता शांतता. पण सरोज! अहो, वॉशिंग मशीन. अहो, रिसायकलिंगचा बिन बाहेर ठेवा. अर्धंच पान झालं. गोळ्या उद्या.

१८ एप्रिल, शुक्रवार.
गुड फ्रायडे. जवळची फार्मसी बंद. यात माझा काय दोष? सकाळी ऐन लिखाणात सरोज आली. उजव्या हाताला मुंग्या येतायत म्हणाली. चोळ जरा, म्हटलं. एक चांगलं वाक्य डोक्यातून गेलं ते गेलंच.

१९ एप्रिल, शनिवार.
चमत्कार! दिवसभर सरोज एक शब्द बोलली नाही. हातातून कप पडून फुटला, तरी कुरकुर नाही. कवींना हवी होती ती हीच पत्नी. सगळी पानं एका बैठकीत. चहा मीच केला. साखर उद्यापासून बंद.

२० एप्रिल, रविवार.
अख्खं व्याख्यान तिला वाचून दाखवलं. ओठांच्या एकाच कोपऱ्यात हसू. काहीतरी बोलू पाहत होती, शब्द फुटेना. डोळ्यांत पाणी. इतक्या वर्षांनी माझा विषय तिला भिडला. आज मी सुखी आहे.

२१ एप्रिल, सोमवार. हॉस्पिटल.
टाउपोहून परतलेल्या सुमेधने दारातूनच तिचा चेहरा पाहिला आणि अॅम्ब्युलन्स बोलावली. स्ट्रोक. डॉक्टरबाईंनी विचारलं, त्या शेवटच्या नीट कधी बोलल्या? सुमेध मला मराठीत समजावू लागला. मला! प्रश्न समजला होता. शुक्रवारी, म्हटलं. डॉक्टर म्हणाल्या, तेव्हाच आणायला हवं होतं. सुमेध बाहेर निघून गेला.
भीती वाटते. तिच्या खाटेशी बसून म्हटलं, सरोज, एकदा अहो म्हण. मशीनचं सांग, बिनचं सांग, काहीही सांग.
ती माझ्याकडे बघत राहिली. ओठांच्या एकाच कोपऱ्यात तेच हसू.