होडीने साहेबांचा पाठलाग केला नाही, याबाबत

प्रति,
मा. बंदर निरीक्षक साहेब,
बंदर निरीक्षण कार्यालय,
जुना धक्का (पायऱ्या थेट पाण्यात उतरतात ती बाजू).

विषय : सुकाणूच्या दांड्यात केलेली किरकोळ सुधारणा, तीमुळे आपणांस घडलेले स्नान, आणि होडीचालक परवाना रद्द न करता योग्य हाती देण्याबाबत.

संदर्भ : (१) आपले परिपत्रक, 'खलाशांनी आपापल्या होडीत किरकोळ सुधारणा सुचवाव्यात'.
(२) आपली कारणे दाखवा नोटीस.
(३) आपण पाण्यातून दिलेले तोंडी आदेश.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून, खाडीच्या या काठावरून त्या काठावर उतारू नेणाऱ्या होडीचा चालक (यापुढे 'अर्जदार') सविनय सादर करतो की :

१. परिपत्रकात सुधारणा 'सुचवाव्यात' असे होते, 'कराव्यात' असे नव्हते, हे अर्जदारास मान्य आहे. परंतु अर्जदाराचा मेहुणा सुतार आहे. परिपत्रक मोठ्याने वाचून होईपर्यंत त्याने करवत काढली होती. बायकोच्या भावाच्या हातातली करवत काढून घेणे कोणत्या नवऱ्यास जमले आहे, याचा विचार व्हावा.

२. पहिल्या तीन सुधारणांविषयी कोणाचीच तक्रार नाही. होडीच्या तळाचे बूच लावायला एकदाही विसरला नाही, असा खलाशी अजून जन्मायचा आहे. सबब बूच आणि भोंगा अशा रीतीने एका दोरीत बांधले की बूच जागेवर नसेल तर भोंगा वाजतच नाही. तसेच उतारू चपला काढून बसतात आणि लाट त्यातली नेमकी एक नेते, जोड कधीच नेत नाही. म्हणून होडीच्या काठाला बाहेरून जाळी लावली. तिसरी सुधारणा म्हणजे चहाच्या पेल्यासाठी झुलती कडी. होडी कितीही कलली तरी पेला सरळ राहतो. आपण स्वतः त्या कडीतला चहा घेऊन 'वा!' म्हणाला होता. हे 'वा' आपल्या नोटिशीत आलेले नाही, ते यावे.

३. आता चौथी सुधारणा. होडीच्या सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे वळते, आणि डावीकडे ढकलला की उजवीकडे. खलाशाला यात काही वावगे वाटत नाही, कारण त्याला कोणी विचारत नाही. अर्जदाराची पत्नी मात्र रोज भाजीची टोपली मांडीवर घेऊन समोर बसते. लग्न झाल्यावर एकदा तिने हौसेने दांडा धरला होता. होडी उलटीच वळली, तेव्हा 'मला नको बाई ही उलटी गंगा' म्हणून तिने तो सोडला, तो सोडलाच. पण प्रश्न सोडला नाही. 'अहो, जायचं इकडे तर ढकलता तिकडे का? सरळ माणसासारखं चालवा ना!' यावर अर्जदार आजवर 'असंच असतं' एवढेच उत्तर देत आला. मेहुण्याने हे ऐकले. बंद पडलेल्या पाण्याच्या पंपातून त्याने दोन दातेरी चाके काढली, ती दांड्याखाली बसवली, आणि तेव्हापासून दांडा जिकडे जातो तिकडेच होडी जाते.

४. सुधारणा निर्दोष होती. दोष अर्जदाराच्या हातांत होता. डोक्याला नवा नियम लगेच समजला, पण हातांना कोणी परिपत्रक पाठवले नव्हते. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

५. नोटिशीत 'अर्जदाराने निरीक्षकांचा होडीने जाणीवपूर्वक पाठलाग केला' असे वाक्य आहे. वस्तुस्थिती अशी की, सुधारणा पाहण्यासाठी आपण धक्क्याच्या शेवटच्या, म्हणजे पाण्याखालच्या पायरीवर, पँट दुमडून उभे होता. होडी आपल्या रोखाने येत आहे हे पाहून आपण अर्जदाराच्या उजवीकडे सरकला. आपणांस वाचवण्यासाठी अर्जदारास डावीकडे जायचे होते, म्हणून त्याने सवयीने दांडा उजवीकडे लोटला. होडी आज्ञाधारकपणे उजवीकडे आली. आपण डावीकडे धावला. अर्जदाराने पुन्हा आपणांस वाचवले. असे अनेकदा घडले. पाहणाऱ्यांना तो पाठलाग वाटला असेल, परंतु अर्जदार प्रत्येक वेळी आपल्यापासून दूरच जात होता. शेवटी आपण पाण्यात गेला, तेव्हा तेथे कमरेइतकेच पाणी होते, हेही नम्रपणे नमूद करतो.

६. त्यानंतर अर्जदाराने हातांना वळण लावण्याचा कसून प्रयत्न केला. हातांवर बाण काढले, ते घामाने पुसले गेले. मग जे मनात येईल त्याच्या उलट करायचे ठरवले. होडीत ते अर्धेमुर्धे जमले, पण जमिनीवर नडले. अर्जदार रस्त्यात समोरच्याला वाट देतो ती त्याच्याच अंगावर जाऊन. पोस्टमन हल्ली पत्र लांबूनच फेकतो. घराचे दार आत ढकलायचे असता अर्जदार ओढत बसला आणि कडी हातात आली. आगीतून फुफाट्यात म्हणतात तशी गत झाली.

७. अशा मनःस्थितीत अर्जदाराने मागील अर्ज केला होता, की जुना धक्का आहे तिथून उचलून समोरच्या काठावर बसवावा. तो अर्ज मागे घेण्यात येत आहे. पत्नीने वाचून 'नाचता येईना अंगण वाकडे' असा शेरा मारला, तो रास्त आहे. आपण धक्क्यावर हिंडताना कोणत्या बाजूस वळणार ते आगाऊ लेखी कळवावे, ही विनंतीही रद्द समजावी.

८. परवाच्या खेपेस होडी उतारूंनी भरलेली होती. धक्का जवळ आला तसे अर्जदाराचे हात पुन्हा जुन्या नियमावर गेले. धक्क्यावर आपण नव्हता, पण आपली खुर्ची होती, आणि होडी तिच्या रोखाने निघाली होती. तेव्हा पत्नीने टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, 'सरका.' अर्जदार सरकला. तिने दांडा धरला. तिच्या हातांना मोडायची अशी सवयच नव्हती. जायचे तिकडे तिने ढकलले, आणि होडी तिकडे गेली. धक्क्याला लागली तेव्हा कडीतल्या पेल्यातला चहा हललासुद्धा नाही. एका म्हाताऱ्या उतारूने टाळी वाजवली. आता लोक चढण्यापूर्वी 'बाई आहेत ना?' असे विचारतात, आणि अर्जदार हो म्हणाला तरच पाय टाकतात.

९. यावर आपण म्हणाल की चाके काढून टाकावीत, मग दांडाही जुना आणि अर्जदारही जुना. मेहुणा तयार आहे. नोटिशीची मुदत पाहता शहाणपणही त्यातच आहे, आणि अर्जदार पाना घेऊन होडीत गेलाही होता. परंतु पत्नी दांड्याशी बसून गुणगुणत होती. इतकी वर्षे अर्जदारासमोर बसून तिने फक्त मागे पडणारी खाडी पाहिली. आता वाऱ्याकडे तोंड करून ती काठावरच्या लोकांना हात करत होती. साहेब, अर्जदाराला ते फार आवडले. पाना टोपलीत टाकून तो पुढे जाऊन बसला. तेथून सुकाणू दिसत नाही, पण ती दिसते.

सबब विनंती की, होडीचालक परवाना रद्द न करता पत्नीच्या नावे करून मिळावा. परीक्षा घ्यायची झाल्यास ती केव्हाही तयार आहे, अर्जदार मात्र त्या वेळी होडीत नसावा असे तिचे म्हणणे आहे. अर्जदाराची नोंद त्याच होडीवर खलाशी म्हणून व्हावी. दोरी बांधणे, बूच पाहणे व चहा करणे ही कामे तो बिनचूक करतो, याचे प्रमाणपत्र नव्या चालकाने तोंडी दिले आहे. आणि नोटिशीतील 'पाठलाग' हा शब्द खोडून तेथे 'सवय' असा करावा.

फेरतपासणीसाठी होडी उद्या सकाळच्या भरतीला आपल्या पायऱ्यांशी येईल. दांड्यावर ती असेल. आपण आहात तेथेच निर्धास्त उभे राहावे, कृपया कोणत्याही बाजूस सरकू नये.

तसदीबद्दल आणि ओल्या फायलींबद्दल क्षमस्व.

आपला नम्र व सध्या पुढच्या फळीवर बसणारा,
(सही, उजव्या हाताने, अगोदर डावीकडे गेलेली खोडली आहे)
होडीचालक ~~(खोडले)~~ खलाशी

दिनांक : नोटिशीची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी

सोबत :
(१) दातेरी चाकांचे रेखाचित्र, मेहुण्याने फळीवर काढलेले. फळी परत मिळावी.
(२) उतारूंच्या सह्या. पोस्टमनने सही लांबूनच केली आहे.
(३) आपली डावी चप्पल. त्या दिवशी लाटेने एकच नेली होती, ती काठाच्या जाळीत सापडली. सुधारणा क्रमांक दोन उपयोगी आहे, याचा हा पुरावा समजावा.