येते म्हणावं

३ नोव्हेंबर
कोल्हापूरला पोचले. साने गुरुजी वसाहतीतलं हे घर नवं, आटोपशीर, दारात जास्वंद. घरमालक बाळासो, म्हणजे काका, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांची बायको माई. आल्या आल्या ताट वाढलं आणि मी नको म्हणेपर्यंत दुसरी भाकरी पानात होती. माझी खोली त्यांच्या मुलीची, पूर्णिमाची. ती 'बाहेर असते' एवढंच कळलं. तिचा संगणकही मला वापरायला दिलाय. तीन महिने बदली शिक्षिका म्हणून शाळेत संगणक शिकवायचा, की सुटले. मोना लातूरला आईकडे आहे. २४ तारखेला ती पाच वर्षांची होईल आणि त्या दिवशी मी तिथे असेन असं कबूल करून आलेय. माझं बोट धरून तिने ते तीनदा वदवून घेतलं.

इकडच्या बायका स्वतःला 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. मला फार आवडलं.

६ नोव्हेंबर
सकाळी दारातून 'जाते हं माई' म्हटलं, तर त्यांच्या हातातली दुधाची पिशवी खाली पडली. "जातो म्हनू न्हाय, पोरी. येतो म्हनावं." असं आमच्याकडेही म्हणतात, पण एवढं मनाला कुणी लावून घेत नाही. उंबऱ्यावर उभं करून चार वेळा 'येते' म्हणायला लावलं, तेव्हा कुठे सोडलं. शाळेला उशीर झाला. संध्याकाळी त्यावरून मी माईंना चिडवलं, तर काका ताट तसंच टाकून उठले.

९ नोव्हेंबर, रविवार
लातूरचं तिकीट काढायला बसले. बसची साइट उघडेना. रेल्वेचीही नाही. बाकी सगळं झकास: बातम्या, हवामान, अळूवडीच्या कृती. राउटर बंद करून चालू केला, घड्याळातली तारीख तपासली, दुसरा ब्राउझर टाकला. ढिम्म. मी दिवसभर पोरांना हेच शिकवते आणि माझ्याच नाकासमोर काही उघडत नाही. वैतागले आहे.

११ नोव्हेंबर
सापडलं. संगणकात होस्ट्स नावाची एक फाईल असते. तिच्यात साइटचं नाव लिहून शेजारी १२७.०.०.१ हा पत्ता टाकला, की संगणक ती साइट बाहेर शोधतच नाही. त्या पत्त्याचा अर्थ हाच संगणक, म्हणजे 'हेच घर'. फाईलमध्ये नऊ ओळी होत्या: व्हिसाच्या, विमानांच्या, बसच्या, रेल्वेच्या. सगळ्या याच घरी पाठवलेल्या.

काकांना विचारलं. त्यांनी सांगितलं की पूर्णिमाला कॅनडाला जायचं होतं. तिला अर्ज करता येऊ नये म्हणून त्यांनी कारखान्यातल्या ओळखीच्या माणसाकडून हे करवून घेतलं. तिने दुसरीकडून अर्ज केला. निघताना रागाने 'जाते' म्हणाली आणि शहराच्या वेशीवरच्या शिरोली नाक्याच्या अलीकडेच तिची गाडी ट्रकखाली आली. मला रडू आलं. नऊ ओळी पुसल्या आणि आतून माईंचा आवाज आला, की पुसून काय हुतंय.

१३ नोव्हेंबर
ओळी परत आल्यात. आता अकरा आहेत. दोन नव्या, लातूरच्या.

शाळेतले धैर्यशील सर घरी आले, सगळं पुसून संगणक नव्याने उभा केला. ती फाईल पहिल्यासारखीच. माझ्या फोनवरही त्या साइट उघडत नाहीत. फोनचा आणि त्या फाईलचा काही संबंध नसतो, हे त्यांनाही माहीत आहे. चहा न घेता 'येतो' म्हणून निघाले. अर्ध्या तासाने परत आले. कशाला आलो ते आठवत नाही म्हणाले. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. माईंनी त्यांचंही ताट वाढलं.

१८ नोव्हेंबर
शाळेतल्या संगणकावरून तिकीट काढलं. शुक्रवार, सकाळी नऊ. मोनाला फोनवर सांगितलं, तिने माझ्या आईचं डोकं खाल्लं म्हणे. आता छापून घेतलेलं तिकीट बघतेय. कुठून: कोल्हापूर. कुठे: या घराचा पत्ता. जास्वंदीची खूणही दिलीय.

२१ नोव्हेंबर
स्टँडवर आलो. बसमध्ये बसलो. डोळा लागू दिला नाही. शिरोली नाका दिसला, मग आमची वसाहत, मग गल्ली. कंडक्टरने उतरा म्हटलं. ऊन डोक्यावर, दारात माई, "आलीस व्हय? हात धू." दुपारी रिक्षाने. मग पायी. तिन्ही वेळा इथेच.

वर मी 'आलो' लिहिलंय. 'बसलो' लिहिलंय. हे मी नाही लिहिलं.

२२ नोव्हेंबर
उपाय कळला. तो दुसरा शब्द म्हणायचा. पूर्णिमा म्हणाली तोच. तिचं काय झालं ते माहीत आहे, तरी म्हणायचा. उंबऱ्यावर उभी राहिले आणि तोंडातून 'येते' निघालं. पुन्हा 'येते'. कागदावर लिहायला घेतलं. येते. येते. ६ तारखेच्या पानावर तो शब्द आहे, तो बघून गिरवला, तरी उमटलं येते.

काका कोपऱ्यात रडत होते. म्हणाले, मलाबी न्हाय म्हनता येत.

२३ नोव्हेंबर
फाईलमध्ये बारावी ओळ. साइट नाही. नुसतं 'मोना'. शेजारी तोच पत्ता.

आईचा फोन आला. तुला जमत नाही तर आम्हीच निघतो, म्हणाली. उद्या सकाळी पोचतील. मोना मागून ओरडत होती, केक कापायला येते म्हणून. येते म्हणाली. मी येऊ नका म्हणायला तोंड उघडलं—

मी म्हटलं, या.

२४ नोव्हेंबर
सात वाजलेत. फोन उचलला की तोंडातून तेच निघतं. लिहून पाठवते. हात तरी माझा—

आई, मोनाला घेऊन ये. खोडलं.

आई, परत फिर आणि ये. खोडलं.

माईंनी ताटं मांडलीत. एक लहान आहे. गल्लीत रिक्षा थांबली. मोना, बाळा, माझं ऐक, आत

ये. आत ये—