सुनी, बाबा आणि घरातली ती बाई

सोम. ३ नोव्हें., नेर
आज बाबांनी मला रीतसर हेर ठरवलं. चहा दिला तर कप माझ्याकडे सरकवला. "पयले तू पे." प्यायले. मग त्यांनी घेतला. "सुनी कुठी हाय?" म्हटलं, बाबा, मीच सुनी. हसले. एस.टी. स्टँडवर कंट्रोलर असताना खोटा पास दाखवणाऱ्याकडे बघून असेच हसायचे.
प्रदीपला फोन. पुण्यातून भाऊ काय करणार? "ताई, मनावर घेऊ नको." मग कशावर घेऊ?

बुध. ५
उलटतपासणी. लहानपणी कुठून पडली, आईची कोणती भाजी ताटात टाकून द्यायची. सगळी उत्तरं बरोबर दिली, तिथेच घोटाळा. "लय पढवून धाडलं तुले."
हे सगळं त्यांनीच शिकवलेलं. स्टँडवरच्या स्टॉलवरून हेरांची पुस्तकं आणायचे, जेवताना आम्हाला सांगायचे. महायुद्धात शत्रूचे लोक अमेरिकन गणवेशात घुसले, म्हणून अमेरिकन सैनिक एकमेकांना आपल्या देशातल्या खेळांवर प्रश्न विचारत. एका खऱ्याखुऱ्या सेनापतीचंच उत्तर चुकलं, त्यालाच धरून बसवलं! मी आणि प्रदीप हसून हसून ताटावर आडवे. मी तर बरोबर उत्तरं देऊन अडकले.

शनि. ८
यवतमाळला डॉक्टर. म्हणाले, डोळ्यांना चेहरा ओळखू येतो, पण आपलं माणूस दिसलं की आत जे हलतं, ते हलत नाही. मग मेंदू ठरवतो, हा तोतया. गोळ्या दिल्या. आता हेराच्या हातून गोळी घेणार कोण?
येताना बसमध्ये बाबा मधली सीट रिकामी ठेवून बसले.
संध्याकाळी वेणी घालताना आरशात पाहिलं. वाटलं, आहे खरंच कोणीतरी दुसरी. आरसा पालथा ठेवला. भीती वाटली, खोटं कशाला लिहू.

गुरु. १३
कालपासून धड जेवले नाहीत. म्हणून गोष्ट काढली. मांजराची. अमेरिकेच्या हेरखात्याने मांजराच्या अंगात मायक्रोफोन शिवला, शत्रूचं बोलणं ऐकायला सोडलं, आणि म्हणतात ते लगेच टॅक्सीखाली गेलं. बाबा खुदकन हसले. "मांजरीले कोन ट्रेनिंग देईन!" भाकरीचा तुकडा मोडला. दुसरा मोडला. मग एकदम थांबले.
"हे तं मी सुनीले सांगतलं होतं. तुले कोनं सांगतलं?"
ताट सरकवलं. मी परसात जाऊन रडले. राग आला, बाबांचाच.

रवि. १६
बाजारात होते. शेजारच्या काकू बाबांजवळ बसल्या होत्या. गोळी घेतली का विचारायला फोन केला, तर बाबांनीच उचलला.
"सुने! कुठी हायेस माय तू?"
पिशवी खाली ठेवली. बापच माझा, पहिल्यासारखा. मग दबक्या आवाजात, "घरात एक बाई हाय. हुबेहूब तुह्यावानी. जपून बोल, आइकत असन." म्हटलं, बाबा, गोळी घ्या. "तू म्हनतं तं घेतो."
घेतली. काकूंनी खूण म्हणून फोनवर खोकून दाखवलं.

मंगळ. १८
डॉक्टर म्हणतात, आवाजाची वाट वेगळी असते, ती शाबूत आहे; फक्त चेहरा समोर नको. म्हणून आता रोज न्हाणीत दार लावून फोन. बाबा ओसरीवर. जेवण, गोळ्या, सगळं सुरळीत.
वर खबराही मिळतात, माझ्याच. "मीठ बरोबर टाकते. पाय चेपून देते. परसात जाऊन रडते, तिचं काय गेलं काय मालूम."
एका दुहेरी हेराला म्हणे दोन्ही देशांनी पदक दिलं होतं. बाबांना ही गोष्ट फार आवडायची. आता कळतं त्याला कसं होत असेल.

गुरु. २०
फोनवर बाबा रडले. "ये न माय. त्या बाईसंगं किती बोलू?" तोंडातून निघून गेलं, शनिवारी अमरावतीच्या बसने येते.
काय करून बसले मी. समोर गेले आणि तरी त्यांना ती बाईच दिसली, तर आवाजावरचाही विश्वास जाईल. डॉक्टरही म्हणाले, सांगता येत नाही. एवढा एक आवाज उरलाय मला.

शनि. २२, नेर स्टँड
सकाळीच बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मला मोरीपाशी बोलावलं. "बाई, सुनी येऊन राह्यली. मीनं तिले तुह्यं सगळं सांगतलं. लय तापट हाय ते, पोलीस बोलावीन. तू आताच निंघ." फडक्यात भाकर-चटणी बांधून ठेवली होती, स्वतः. गाठ सैल. "कोनी इचारलं तं म्हनीन, मी पाह्यलीच नाई."
बाबा फितूर झाले. सुनीविरुद्ध, माझ्यासाठी. हसावं की काय करावं.
काकूंना बाबांजवळ बसवून बॅग घेऊन निघाले. अमरावतीच्या बसमधून उतरल्यासारखं करून घरी जायचं ठरवलं होतं. बस आली, माणसं उतरली, बस गेली. मी बाकावरच.
आत्ताच बाबांचा फोन.
"सुने, उतरली का?"
"हो बाबा."
"मंग घाई नोको करू. ते बाई आताच गेली, लांब गेली नसन. तिले जाऊ दे, मंग ये."
बरं म्हटलं. थांबले आहे.